मुलाच्या दातावर पांढरे पट्टे : पेस्टने दात खरंच दुरुस्त होतो का?

वाशीची_आई
माझा मुलगा सात वर्षांचा. वरच्या पुढच्या पक्क्या दातांवर, हिरडीलगत खडूसारखे पांढरे पट्टे आलेत. डेंटिस्ट म्हणाले, खड्डा पडलेला नाही, फिलिंग नको. १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट दोन वेळा लावा आणि तीन महिन्यांनी दाखवा. पण सासूबाई चंद्रपूरकडच्या. बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने गावातल्या लोकांचे दात तपकिरी झालेले त्यांनी पाहिलेत. ही पेस्ट घरात नकोच म्हणतात. त्यांना काय सांगू?

कोपरीची_दंतवैद्य
ताई, सासूबाईंनी पाहिलंय ते खरंच आहे, त्यांना खोडून काढू नका. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पण दात जबड्यात घडत असताना ते पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, की डाग पडतात. तुमच्या मुलाच्या पुढच्या दातांचं इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, केव्हाच घडून झालंय. शिवाय पेस्ट गिळायची नसते.

आता दुरुस्तीचं. इनॅमल जवळपास सगळं खनिजच, त्यात जिवंत पेशी नाहीत, म्हणून ते हाडासारखं आतून भरून येत नाही. गोड खाल्लं की दातावरच्या थरातले जंतू आम्ल करतात. पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडतं. पांढरा पट्टा म्हणजे वरचा पापुद्रा शाबूत, आतून सच्छिद्र. लाळेत हीच खनिजं असतात, ती परत आत बसतात. फ्लोराइड असेल तर हे लवकर होतं आणि नवा थर आम्लाला जास्त दाद देत नाही. खड्डा पडल्यावर मात्र कुठलीही पेस्ट तो भरत नाही. तुम्ही वेळेत दाखवलंत, हे फार चांगलं केलंत.

घणसोलीकर
मॅडम, मी सेन्सिटिव्हची पेस्ट वापरतो. तिनेही दात मजबूत होतात का?

कोपरीची_दंतवैद्य
ट्यूबवरचे घटक वाचा. पोटॅशियम नायट्रेट फक्त दातातली नस शांत करतं, ठणका कमी होतो, बांधणी काही होत नाही. सोबत फ्लोराइड असेल तर बांधणीचं काम ते करतं. हायड्रॉक्सिअपॅटाइटची पेस्ट जपानमध्ये १९८०च्या दशकापासून आहे. इनॅमल ज्या खनिजाचं, तेच त्यात असतं. ती वाईट नाही, पण कीड रोखण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा आजही फ्लोराइडचाच. कोळशाच्या काळ्या पेस्टपासून मुलांना लांबच ठेवा, दात झिजतात.

वाशीची_आई
खूप आभार! पेस्ट किती घ्यायची? आणि तो रात्री दूध पिऊनच झोपतो.

कोपरीची_दंतवैद्य
वाटाण्याएवढी. ब्रशवर तुम्ही स्वतः काढून द्या. घासून झाल्यावर नुसतं थुंकायला सांगा, चूळ भरू देऊ नका, नाहीतर फ्लोराइड धुऊन जातं. आपल्याकडे खळखळून चूळ भरायची सवय आहे, त्यामुळे हेच सगळ्यात अवघड जातं. दूध आधी, ब्रश नंतर. मग सकाळपर्यंत फक्त पाणी.