‘दार काढलं’ म्हणजे केलं की उखडलं? इमारतीच्या नकाशातले बदल इंग्रजीत लिहिताना

इंग्रजीची शिक्षिका, राजारामपुरी
आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या ॲकॅडमिक प्रकारात लेखनाच्या पहिल्या प्रश्नाला कधी आलेख येतो, कधी तक्ता, तर कधी एकाच इमारतीचे दोन नकाशे, आधीचा आणि नंतरचा. काय बदललं ते साधारण २० मिनिटांत, किमान १५० शब्दांत सांगायचं. माझ्याकडं येणाऱ्या मुलीनं काल लिहिलं, ‘अ डोअर वॉज रिमूव्हड इन द किचन वॉल.’ नकाशात तर स्वयंपाकघराला मागच्या बाजूला नवं दार दिसत होतं. विचारलं, तर म्हणाली, “मॅडम, दार काढलंयच की तिथं!” तिचं मराठी बरोबर होतं. भिंतीत दार काढतात, वर दोन खोल्या काढतात, बाजूनं जिना काढतात. आणि सडलेलं दारही काढतातच. हे मुलांना कसं समजवावं? अशी आणखी क्रियापदं आहेत का?

बांधकाम ठेकेदार, शिवाजी पेठ
मॅडम, आमच्यात ‘पाडणे’पण तसंच की. भिंत पाडली म्हणजे गेली. भिंतीला खिडकी पाडली म्हणजे आली. साइटवर घोटाळा होत नाही, भिंत समोर असते. फोनवर मात्र मी दोनदा विचारून घेतो. एकदा जुन्या घरात नको ती खिडकी फोडायची वेळ आली होती, थोडक्यात वाचलो. बाकी आम्ही भिंत घालतो, पार्टिशन मारतो, स्लॅब टाकतो, मजला चढवतो, फरशी बसवतो. प्रत्येक कामाला त्याचा शब्द आहे. इंग्रजीत सगळ्याला ‘मेक’ चालतं का?

निवृत्त मराठी शिक्षक, मंगळवार पेठ
‘काढणे’ म्हणजे मुळात ओढून बाहेर आणणे. रांगोळी काढतो, कर्ज काढतो, दुकान काढतो, तेव्हा नव्हतं ते समोर येतं. काटा काढतो, दात काढतो, तेव्हा होतं ते जातं. उलटा अर्थ वाटतो, पण क्रिया एकच. आणि बाई, फरक मराठी स्वतःच दाखवते, फक्त क्रियापदाकडं न बघता त्याच्या आधीच्या शब्दाकडं बघायचं. ‘भिंतीत दार काढलं’ म्हटलं की दार नवं. ‘भिंतीतलं दार काढलं’ म्हटलं की ते आधीपासून होतं. त्या एका ‘-तलं’मध्ये जुना नकाशा आहे. मुलांना सांगा, मनात वाक्य पूर्ण म्हणा, ‘-त’ आलं की ‘-तलं’ आलं ते ऐका, मग इंग्रजी शब्द निवडा.

शिक्षिका
सर, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. उद्याच फळ्यावर लिहिते.
दादा, ‘मेक’नं अर्थ कळेल, पण शब्दसंपत्तीला वेगळे गुण असतात, तिथं एकच शब्द पुन्हा पुन्हा आला की नुकसान होतं. भिंत ‘बिल्ट’, पार्टिशन ‘पुट अप’, मजला ‘ॲडेड’, दार-खिडकी ‘पुट इन’. जाणाऱ्या गोष्टींत भिंत ‘नॉक्ड डाउन’ किंवा ‘रिमूव्हड’, आणि अख्खी इमारत गेली तर ‘डिमॉलिश्ड’. एका खोलीची भिंत ‘डिमॉलिश’ केली म्हटलं तर चूक नाही, पण जरा भारी पडतं.

नर्सिंगची विद्यार्थिनी, कसबा बावडा
मी पण हीच परीक्षा देतेय, म्हणून विचारते. आमच्या जुन्या घरात सोप्याचं, म्हणजे पुढच्या ओसरीचं, दुकान केलं आणि गॅलरी आत घेतली. ‘आत घेतली’ला इंग्रजीत काय? मी ‘द गॅलरी वॉज टेकन इनसाइड’ लिहिलं होतं, आमच्या सरांनी नुसती लाल रेघ मारली.

शिक्षिका
रेघ दोन चुकांची आहे बाळ. आपली गॅलरी म्हणजे त्यांची ‘बाल्कनी’. इंग्रजीत ‘गॅलरी’ म्हटलं की चित्रं लावलेलं दालन डोळ्यापुढं येतं. ‘आत घेतली’ला ‘द बाल्कनी वॉज इन्कॉर्पोरेटेड इनटू द लिव्हिंग रूम’ लिही. आपला ‘हॉल’ पण असाच फसवतो. आपण हॉलमध्ये पाहुणे बसवतो, ब्रिटिश घराच्या नकाशात ‘हॉल’ म्हणजे दारातून आत आल्यावरचा बोळ. आणि ‘टेरेस’ म्हटलं की आपल्याला घरावरची गच्ची आठवते, त्यांना घराला लागून जमिनीवर फरशी घातलेली जागा, नाहीतर एकमेकींना चिकटलेल्या घरांची रांग. नकाशावर जे नाव छापलंय तेच वापरायचं, आपला अर्थ त्यात घालायचा नाही.
‘सोप्याचं दुकान केलं’ मात्र तू छान म्हणालीस. मराठीतली ‘अमक्याचं तमकं केलं’ ही रचना सरळ ‘कन्व्हर्टेड इनटू’वर जाते. टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय केलं: इमारत तीच, उपयोग बदलला. इमारत पाडून जागेवर दुसरी उभी राहिली तर ‘अमक्याच्या जागी तमकं’, म्हणजे ‘रिप्लेस्ड बाय’. या दोन्हींची अदलाबदल परीक्षेत फार होते.

निवृत्त शिक्षक
यात आपलं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह घ्या. शाहू महाराजांनी १९१५ साली ते पॅलेस थिएटर म्हणून उभं केलं. पुढं नाव बदललं, उपयोग नाही. तिथं ‘कन्व्हर्टेड’ चालणार नाही, ‘रिनेम्ड’ हवं. ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीनं ते जळालं. तेव्हापासून बातम्यांत जीर्णोद्धार, नूतनीकरण, पुनर्बांधणी हे तिन्ही शब्द एकासारखे वापरलेले वाचून माझा जीव कळवळतो. होतं तसं परत आणणं म्हणजे ‘रिस्टोअर’, असलेलं सुधारणं ‘रिनोव्हेट’, पुन्हा उभं करणं ‘रिबिल्ड’. त्या वास्तूवर प्रेम असेल तर शब्दही जपून वापरावा.

विद्यार्थिनी
सर, मी लहानपणी तिथं नाटक बघितलंय. लक्षात ठेवेन. मॅडम, ‘वॉज’ की ‘हॅज बीन’?

शिक्षिका
मराठीत म्हणून बघ. दोन्ही नकाशांवर जुनी सालं असतील, समजा १९९० आणि २००५, तर तू ‘दुकान केलं’ म्हणशील: ‘वॉज’. दुसरा नकाशा आजचा असेल तर ‘केलंय’ येईल: ‘हॅज बीन’. पुढचा बेत असेल तर ‘करणार आहेत’: ‘विल बी’. आणि वर्तमानपत्री ‘रूपांतर करण्यात आले’ मनात आणू नकोस, त्यातूनच ‘कन्व्हर्जन वॉज डन’ अशी वाक्यं निघतात.

ठेकेदार
शेवटचं विचारतो. आमचे वडील घर खणात मोजायचे, पाच खणी, सात खणी. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. याला इंग्रजी आहे?

शिक्षिका
आहे दादा. ‘बे’. दोन खांबांमधल्या किंवा तुळयांमधल्या जागेलाच वास्तुकलेत ‘बे’ म्हणतात. पाच खणी घर म्हणजे ‘अ फाइव्ह-बे हाऊस’.