उत्तर: ४० फेऱ्यांत लाल १५ वेळा

तुम्ही विचारलंत: ओसरीवर ठेवलेल्या, चार समान रंगीत भागांच्या चकरीवरचा काटा ४० वेळा फिरवला आणि तो १५ वेळा लालवर थांबला, तर चकरी खोटी आहे का? एवढ्यावरून चकरी खोटी ठरत नाही. अपेक्षित संख्या ४० × १/४ = १०, पण योगायोगामुळे ५ ते १५ पर्यंत चालतंच. तुमचा आकडा काठावरचा आहे, म्हणून २०० फेऱ्या घ्या. तिथे ५० ऐवजी ६५ च्या वर गेला तर चकरी अर्धी वळवून ठेवा.

काटा आता लालसमोरच्या रंगावर थांबू लागला, तर ओसरी उतरती आणि तुऱ्हाटीच्या (तुरीच्या वाळक्या काडीच्या) काट्याचं एक टोक जड. (सारवलेली जमीन उतरती असू शकते.) टाचणी काट्याच्या मधोमध नको, त्याचा तोल साधेल तिथे टोचा; काट्याखाली एक मणी घाला. तरीही लालच आला, तर लाल भागाचा कोन ९० अंशच आहे का, ते कोनमापकानं तपासा.