शॉकलेचं नाव पुसायचं का?

रामबागवाला (इंदूर):
गणपतीत आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये मुलांचं विज्ञान प्रदर्शन असतं. यंदा आठवी-नववीच्या पोरांनी पाण्याच्या टाकीचा अलार्म केला, बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर (वीज चालू-बंद करणारा छोटा भाग) लावून, टाकी भरली की बझर वाजतो. मागच्या फळ्यावर एका पोरीने लिहिलं होतं, ट्रान्झिस्टर: बार्डीन, ब्रॅटन, शॉकले, नोबेल १९५६. एका ताईंनी ओलं फडकं घेतलं आणि शॉकले पुसून टाकलं, म्हणाल्या काळ्या लोकांची बुद्धी जन्मानेच कमी असं सांगत फिरणारा माणूस, मुलांसमोर नको. पोरगी रडवेली झाली. मला वाटतं नाव राहायलाच हवं. डिसेंबर १९४७ मध्ये बार्डीन-ब्रॅटननी केला तो ट्रान्झिस्टर धातूची टोकं टेकवलेला होता, आपल्या अलार्ममध्ये आहे त्यातली एकाला एक लागून असलेल्या थरांची कल्पना शॉकलेची, १९४८ ची, ती दुसऱ्या कोणाच्या नावावर कशी टाकू?

लोकमान्यनगर:
दादा, ती ताई मीच. नुसतं सांगत नव्हता हो, कमी आयक्यूवाल्यांनी नसबंदी करून घेतली तर पैसे द्या अशी योजना मांडली होती त्याने, आणि नोबेलवाला म्हणून लोक ऐकून घ्यायचे. फळ्यावर नाव लिहिलं की तो मान असतो, नुसती माहिती नसते. माझ्या मुलीला एका शिकवणीत आडनाव ऐकून मागच्या बाकावर बसवलं होतं, म्हणून मला हे वाचवत नाही.

विजयनगर_आयटी:
ताई, मुलीचं वाचून वाईट वाटलं, पण पुसणं पटत नाही. लिनक्स या संगणक प्रणालीत रायझरएफएस नावाची फाइल सिस्टिम (फायली साठवायची व्यवस्था) होती, ती करणारा हान्स रायझर २००८ मध्ये बायकोच्या खुनात दोषी ठरला. तरी कोड त्याच्या नावासकट त्यानंतरही पंधराएक वर्षं कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, होता आणि काढला तोही सांभाळायला कोणी उरलं नाही म्हणून. काम कोणाचं ते खरं सांगायचं, बस.

नारायणबाग:
कर्नल मोठी माणसं वाचतात, इथे तेरा वर्षांची पोरं आहेत. आणि श्रेयाचंच म्हणताय तर अर्धंच का? शॉकलेच्या वागण्याला कंटाळून १९५७ मध्ये आठ जण त्याची कंपनी सोडून गेले, त्यातल्याच झाँ होर्नीने १९५९ मध्ये सिलिकॉनच्या सपाट पृष्ठभागावर ट्रान्झिस्टर बनवायची प्लेनर पद्धत काढली, तुमचा बीसी ५४७ त्याच पद्धतीने बनतो. त्याचं नाव कुठाय फळ्यावर?

रामबागवाला:
हे मात्र खरंच राहिलं, होर्नी लिहितोच. शॉकलेही परत लिहीन, पण त्याच्या नावापुढेच नसबंदीच्या योजनेचं वाक्य. ताई, वाक्य तुम्ही सांगाल का?

लोकमान्यनगर:
सांगते. पण अक्षर त्याच आकाराचं हवं, खाली कोपऱ्यात बारीक नको. नाव मला अजून खटकतंय, ते खटकणारच. उद्या आरतीच्या आधी येते, त्या पोरीला पण थांबवा, तिला न विचारता पुसलं हे चुकलं माझं.