फ्रुक्टोजपासून एचएमएफ करताना सगळं काळं पडतंय, आणि साखरेपासून केमिकल बनवणं खरंच परवडतं का?

घणसोलीकर:
नमस्कार मंडळी. वाशीला एमएस्सी ऑरगॅनिक करतोय, प्रोजेक्टला फ्रुक्टोजपासून हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल म्हणजे एचएमएफ घेतलंय. कॅटॅलिस्ट अँबरलिस्ट 15 (अॅसिडचे गट असलेलं रेझिन, बारीक दाणे), सॉल्व्हंट पाणी, सीलबंद ट्यूब, ऑइल बाथ 120 ला. सुरुवातीला पिवळसर होतं, मग तपकिरी, आणि शेवटी तळाला काळा चिकट गाळ बसतो. टीएलसीवर (पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) एचएमएफचा स्पॉट दिसतो पण अगदी फिका. हे कमी कसं करायचं?

दुसरं म्हणजे बाबा पूर्वी ठाणे-बेलापूर रोडवर पेट्रोकेमिकलमध्ये होते, ते म्हणतात साखरेपासून केमिकल हे लॅबपुरतंच, फॅक्टरीत शेवटी अल्कोहोलच बनवतात. मला हा विषय मनापासून आवडलाय म्हणून विचारतोय, खरंच पुढे काही आहे का यात?

रबाळे_प्रोसेसवाला:
काळा गाळ म्हणजे ह्युमिन. फ्रुक्टोजमधून तीन पाणी निघाले की एचएमएफ होतं, पण ते स्वतःच फार चळवळं आहे, साखरेशी आणि आपापसात जोडत जातं आणि त्याचं डांबर होतं. त्यात तू पाण्यात करतोयस, म्हणजे बनलेलं एचएमएफ परत पाणी घेऊन फुटतं आणि लेव्ह्युलिनिक अॅसिड नि फॉर्मिक अॅसिड होतं. म्हणून आधी पाणी सोड. डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या सॉल्व्हंटमध्ये हीच रिअॅक्शन, हेच रेझिन, लोकांनी 90 टक्क्यांच्या वर यील्ड घेतलंय. साखर पातळच ठेव, कॉन्सन्ट्रेशन वाढलं की ह्युमिन झपाट्याने वाढतं. आणि टीएलसीवर अंदाज बांधत बसू नकोस, एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) मिळत असेल तर एचएमएफ 284 नॅनोमीटरला छान दिसतं, साखरेसाठी मात्र आरआय (वक्रीभवनांक मोजणारा) डिटेक्टर लागेल.

सानपाड्याची_केमिस्ट:
बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस, पण वजनाचा हिशोब करून बघ, मला स्वतःला हा विषय तिथूनच समजला. 180 ग्रॅम ग्लुकोज आंबवलं की थिअरीने 92 ग्रॅम अल्कोहोल मिळतं आणि 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. ते अल्कोहोल गरम अल्युमिनावरून नेऊन पाणी काढलं की हातात 56 ग्रॅम इथिलीन. म्हणजे शेतातून आणलेल्या मालाचा तिसरा हिस्सासुद्धा उरला नाही, आणि त्यातून इथिलीन ग्लायकॉल करायचं तर ऑक्सिजन परत घालायचा, जो साखरेत आधीच होता! तरीही हा रस्ता चालतो, काशीपूरला इंडिया ग्लायकॉल्स आणि ब्राझीलमध्ये ब्रास्केम याच वाटेने जातात, कारण अल्कोहोल वेगळं काढणं सगळ्यांना जमतं आणि पुढची मशिनरी ओळखीची आहे.

आता दुसरी बाजू बघ. त्याच 180 ग्रॅमपासून थिअरीने 126 ग्रॅम एचएमएफ, आणि कार्बन एकही वाया नाही. हायड्रोजन घालून सॉर्बिटॉल केलं तर 182 ग्रॅम, हे तर आजही टनावारी होतंय, निकेल किंवा रुथेनियम कॅटॅलिस्टवर दाबाखाली, आणि आपल्या टूथपेस्टमध्ये जातं. निकेल-टंगस्टनवर ग्लुकोज मधून तोडून सरळ इथिलीन ग्लायकॉल केलं तर थिअरीने 186 ग्रॅम, अल्कोहोलच्या वाटेने तेच जास्तीत जास्त 124. त्यामुळे साखरेतला ऑक्सिजन ज्या मालात टिकतो तो माल निवडायचा, पेट्रोलची नक्कल करायला साखर वापरणं मला तरी पटत नाही.

कोल्हापूरकर_ठाण्यात:
कारखान्यात बरीच वर्षं काढली आहेत म्हणून सांगतो, फक्त साखर बघू नका, बगॅस म्हणजे उसाचा चोथा बघा. आमच्याकडे तो बॉयलरला जातो. त्यात झायलोज नावाची साखर देणारं हेमिसेल्युलोज भरपूर असतं, सौम्य अॅसिड आणि वाफ दिली की फरफ्युरल. नवीन काही नाही, क्वेकर ओट्सने अमेरिकेत 1920 च्या दशकातच ओटच्या टरफलापासून धंदा म्हणून सुरू केलं, आणि दक्षिण आफ्रिकेत सेझेलाला बगॅसपासूनच काढतात. त्याचं पुढे कॉपर कॅटॅलिस्टवर फरफ्युरिल अल्कोहोल करून फाउंड्रीच्या साच्यांची रेझिन बनते, कोल्हापुरात फाउंड्र्या किती आहेत ते सांगायला नको. अडचण वाफेची आहे बरं का, फरफ्युरल पाण्यात अगदी पातळ मिळतं, ते डिस्टिल करायला जळण लागतं, आणि बगॅस तिकडे दिला तर बॉयलरला काय घालणार हा हिशोब आधी करावा लागतो.

घणसोलीकर:
ताई, हा हिशोब आज बाबांना कागदावर मांडून दाखवला, बराच वेळ बघत बसले. आणि दादा, डीएमएसओ 189 ला उकळतो, त्यातून एचएमएफ बाहेर कसं काढू? तेवढं तापवलं तर परत काळं. आणि फ्रुक्टोजऐवजी थेट ग्लुकोज चालेल का?

रबाळे_प्रोसेसवाला:
बरोबर पकडलंस, मोठ्या प्रमाणावर डीएमएसओ इथेच अडतो. तुझ्या स्केलला पाणी घालून एथिल अॅसिटेटने तीन-चार वेळा ओढून घे, चालून जाईल. फॅक्टरीचा विचार करायचा असेल तर दोन थरांची पद्धत वाच, खाली पाणी नि साखर, वर एमआयबीकेसारखं सॉल्व्हंट, एचएमएफ बनलं की वर जातं आणि पाण्यातल्या अॅसिडपासून सुटतं. विस्कॉन्सिनच्या ड्युमेसिक यांच्या ग्रुपने 2006 ला हे नीट दाखवलं. खालच्या थरात मीठ घातलं तर अजून जास्त वर ढकललं जातं, पण मिठाच्या पाण्यात रेझिनवरचं अॅसिड सोडियमशी बदली होऊन बाहेर येतं, तेव्हा अँबरलिस्टबरोबर मीठ नको.

ग्लुकोज थेट जमत नाही कारण आधी त्याचं फ्रुक्टोज व्हावं लागतं आणि ते काम तुझं रेझिन करत नाही. इंडस्ट्रीत त्याला एन्झाइम आहे, साधारण 60 डिग्रीला अर्धं-अर्धं होऊन थांबतं. एन्झाइमशिवाय हवं असेल तर टिन-बीटा झिओलाइट, कॅलटेकच्या डेव्हिस ग्रुपने 2010 ला पाण्यातच करून दाखवलंय. पण तो कॅटॅलिस्ट बनवणं हाच एक प्रोजेक्ट आहे, यंदा फ्रुक्टोजवरच राहा.

आणि एक महत्त्वाचं. अँबरलिस्ट 15 ची मर्यादाच 120 आहे, तू अगदी काठावर चालवतोयस, त्यावरचे सल्फोनिक ग्रुप, म्हणजे त्याचं अॅसिड, सुटून सॉल्व्हंटमध्ये येऊ शकतात. 100 च्या आसपास ये, वेळ वाढव. आणि रिअॅक्शन अर्ध्यात असताना गरम असतानाच रेझिन गाळून काढ आणि नुसतं फिल्ट्रेट परत तापव, एचएमएफ तरीही जोरात वाढत राहिलं तर काम रेझिन नाही, सुटलेलं अॅसिड करतंय. सोबत रेझिन न घालता एक ब्लँक पण लाव, कारण तापलेल्या डीएमएसओत कॅटॅलिस्ट नसतानाही थोडं एचएमएफ होतं, ते वजा केल्याशिवाय यील्डचा आकडा गाइडला दाखवू नकोस.