रांगेतली शेवटची जागा

तुम्ही लिहिलंय की कराटेचा ब्लॅक बेल्ट नुकताच मिळालाय आणि पहिल्या सेमिनारची धास्ती वाटतेय, चुकलं तर सगळे बघतील. बघतात, पण दोनच मिनिटं.

मी बडोद्यात पहिल्यांदा सेमिनारला गेले तेव्हा पट्टा इतका कडक होता की गाठ सारखी सुटायची. काळ्या पट्ट्यांच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभी होते. आदल्या महिन्यापर्यंत ब्राऊन बेल्टवाल्यांत पहिली असायचे, तो तोरा तिथेच उतरला. ब्लॅक बेल्टच्या पहिल्या दर्जाला शोदान म्हणतात, म्हणजे पहिली पायरी, 'शो' म्हणजेच आरंभ. हे पाठ होतं, कळलं त्या दिवशी.

मला वाटलं काहीतरी अवघड काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, शिकवतील. सरांनी हेइआन शोदान नावाचा काता घेतला! पांढऱ्या पट्ट्याचा, एकवीस हालचालींचा. त्यातही तासभर फक्त चौथी हालचाल. मी आठ वर्षं ती नुसती वरून मारलेली मूठ म्हणून करत होते. जोडीदाराने मनगट घट्ट धरलं आणि सर म्हणाले, आता सोडव. तेव्हा समजलं की आधी पुढचा पाय मागे घेऊन हात ओढायचा, मग मूठ. हाताच्या जोराने सुटत नाही, कंबर फिरवावी लागते. माझं मनगट दोन दिवस निळं होतं.

तेव्हा नवीन काता पाठ करत बसू नका, जुने घासून जा. पट्टा आधी चार-सहा वेळा बांधून सोडून मऊ करा. आणि दुपारच्या सुट्टीत सेवउसळ खाऊ नका, मी खाल्ली होती. नंतर कुमिते होतं, म्हणजे जोडीदाराशी लढत.