मदत हवी आहे: जुन्या आर्केड मशीनचा अनुभव घरी कसा आणू?

व्हिडिओ गेम पार्लर बंद पडली त्याला जमाना झाला. आधी घरोघरी कन्सोल आले, मग मोबाइल. पण १९९१चा ‘स्ट्रीट फायटर टू’ खेळताना पाठीमागे नंबर लावून उभी असलेली पोरं, ती ओरडाआरडी अजून आठवते. खरी मजा त्या गर्दीचीच होती!

आता मुलांसाठी तसं मशीन बनवायचंय. कॉम्प्युटरवर ‘मेम’ एम्युलेटर (जुने आर्केड गेम चालवणारं सॉफ्टवेअर) चालतोय, पण एलसीडीवर चित्र फार कोरडं, चौकोनी दिसतं; ते गेम जुन्या पिक्चर ट्यूबसाठीच काढलेले होते ना. जुना ट्यूबवाला टीव्ही जोडावा की चित्र ट्यूबसारखं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअर फिल्टरवर भागेल? ‘स्ट्रीट फायटर टू’ला लागतात त्या सहा बटणांसाठी कोणती जॉयस्टिक टिकाऊ? कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.