शेवरोले ३१०० पिकअप (१९५१) : तीन गिअरच्या जागी कोणता गिअरबॉक्स बसवावा?

ऐरोलीची_पिकअप
१९५१ ची शेवरोले ३१००. २१६ घन इंचाचं सहा सिलिंडर इंजिन, कॉलम शिफ्टचा (गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खांबावर) मूळ तीन गिअरचा बॉक्स, मागे ४.११ चा क्राऊन-पिनियन (ॲक्सलमधली दातेरी जोडी; शाफ्ट ४.११ वेळा फिरला की चाक एकदा). उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की सेकंड निसटून न्यूट्रलला येतो. फर्स्ट, सेकंड, रिव्हर्सला घरघर आहे, टॉपला गाडी शांत. पाम बीच रोडवर ८० ला इंजिन फार ओरडतं. माल भरत नाही. रविवारची फेरी आणि कधीतरी खोपोलीवरून लोणावळा, एवढाच वापर. डोक्यात तीन पर्याय आहेत: जुन्या ट्रकचा एसएम-४२० (चार गिअर), अमेरिकेतून एस-१० पिकअपचा टी-५ (पाच गिअर), नाहीतर इथल्याच एखाद्या पिकअपचा पाच गिअरचा बॉक्स. कोणता घ्यावा?

क्राऊन_पिनियन
आधी गाडीखाली शिरून गिअरबॉक्सचं शेपूट बघा. या गाडीला उघडा प्रोपेलर शाफ्ट नाही. शाफ्ट एका जाड नळीत फिरतो, ती टॉर्क ट्यूब. तिचं मागचं टोक ॲक्सलच्या हाउसिंगला घट्ट बोल्ट केलेलं असतं आणि पुढचं टोक गिअरबॉक्सच्या मागे गोल बॉलमध्ये बसतं. ३१०० ला १९५५ च्या सुरुवातीपर्यंत हीच रचना होती. टी-५ काय किंवा इथला कुठलाही बॉक्स काय, दोन्ही उघड्या शाफ्टचे. ते घेतले की मागचा ॲक्सल, नवा शाफ्ट, पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) ॲक्सल टेकवायचे पॅड आणि गिअरबॉक्सखालचा क्रॉसमेंबर हे सगळं ओघाने आलं. मूळ गाडीत इंजिनाचा मागचा भार बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) बाजूच्या माउंटवर असतो, त्यामुळे बॉक्सखाली आधारच नाही. बॉक्सची किंमत या खर्चात सर्वात लहान आकडा ठरते.

एसएम-४२० चे रेशो ७.०५, ३.५८, १.७० आणि १.००. टॉप तुमच्या बॉक्सइतकाच, म्हणजे ८० ला इंजिन तेवढंच फिरणार. ७.०५ चा फर्स्ट भरलेल्या गाडीसाठी आहे, रिकाम्या गाडीत रोज सेकंडनेच निघाल. शिवाय भंगारात मिळणारे बहुतेक एसएम-४२० मोठ्या ट्रकचे, उघड्या शाफ्टचे असतात. ३१०० साठी मागचा भाग वेगळा यायचा. तुमच्या वापराला हा बॉक्स काहीच देत नाही.

आता हिशेब. टायरचा व्यास साधारण २८.५ इंच धरला तर ४.११ वर ८० किमीला सुमारे २,४०० आरपीएम पडतात. ३.५५ चा क्राऊन-पिनियन टाकला तर तेच २,०८० वर येतात, आणि टॉर्क ट्यूबची रचना तशीच राहते. २१६ ला हा फरक फार मोलाचा आहे. त्याच्या कनेक्टिंग रॉडना बॅबिटची (मऊ मिश्रधातूची) बेअरिंग आहेत आणि तिथे तेल डिपरने (रॉडखालच्या चमच्याने) उडून पोचतं. तासन् तास चढ्या आरपीएमवर चालवलं तर आधी तीच जातात.

माझं स्पष्ट मत: मूळ बॉक्स नीट बांधून घ्या आणि मागे ३.५५ टाका. तोटा एकच. फर्स्टचा एकूण रेशो १२.१ वरून १०.४ वर येतो. घाटात थांबून पुन्हा निघताना क्लच थोडा जास्त सरकवावा लागेल. रिकाम्या गाडीला चालून जातं. स्पीडोमीटरही कमी दाखवेल, खरे ८० असताना काटा ६९ च्या आसपास.

सिंक्रो_रिंग
वरच्याशी सहमत, पण बॉक्स उतरवण्याआधी कॉलमच्या तळाशी असलेले लिव्हर हलवून बघा. तिथले बुश झिजले की गिअर पूर्ण आत जातच नाही आणि उतारावर निसटतो. अमेरिकन कॅटलॉगमधले सुटे भाग सहसा डाव्या स्टिअरिंगचे असतात, तेव्हा बुश वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीत लेथवर करून घेणं सोपं. बेलहाउसिंगला धरणारे चार बोल्टही तपासा. ते सैल असले तरी हेच लक्षण दिसतं.

टॉप शांत आणि बाकी तिन्हींना घरघर, म्हणजे दोष काउंटर शाफ्टकडे (बॉक्समधला मुख्य शाफ्टला समांतर दुसरा शाफ्ट). टॉपला ताकद सरळ जाते, काउंटर शाफ्ट नुसता फिरतो. क्लस्टर गिअरच्या (त्या शाफ्टवरच्या गिअरांचा एकसंध गठ्ठा) आतल्या नीडल बेअरिंग, शाफ्ट आणि दोन्ही टोकांचे थ्रस्ट वॉशर एकदमच बदला. नुसत्या नीडल बदलल्या तर झिजलेला शाफ्ट त्या पुन्हा खातो. सेकंडसाठी मेन शाफ्टचा एंड प्ले (मागेपुढे होणारा खेळ), सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणारा भाग) हबची दाती आणि गिअर जागेवर धरणारी डिटेंट स्प्रिंग बघा. दाती टोकाला गोल झाली असतील तर स्प्रिंग बदलून उपयोग नाही. फर्स्टला सिंक्रो नाहीच, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकू नका.

ऐरोलीची_पिकअप
लिव्हरला खरंच खेळ आहे. अजून एक: गिअरबॉक्सचं तेल कमी होतं, पण खाली थेंबही नाही. आणि व्हिंटेज नोंदणी करायची आहे, त्यात काही अडेल का?

क्राऊन_पिनियन
तेल टॉर्क ट्यूबमधून मागे जातंय. पुढच्या युनिव्हर्सल जॉइंटला गिअरबॉक्सचंच तेल मिळतं. नळीतली बुश आणि सील गेलं की ते डिफ्रन्शियलमध्ये उतरतं. सपाट जागी गाडी थंड असताना डिफ्रन्शियलचा फिलर प्लग उघडा. तेल बाहेर वाहिलं तर खात्री समजा. असंच चालू ठेवलं तर पुढे गिअरबॉक्स कोरडा पडतो आणि मागे तेल ब्रेक शूवर येतं. ३.५५ साठी हाउसिंग मागे सरकवावी लागतेच, बुश आणि सील तेव्हाच बदला. शाफ्ट पिनियनला पिनने अडकवलेला असतो, ती कापून काढावी लागते. सेट मागवण्याआधी पिनियनचे स्प्लाइन (शाफ्टवरच्या लांबट खाचा) मोजा.

एमएच४३_जुनी_गाडी
नोंदणीचं: २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार नसलेली गाडी व्हिंटेज धरतात. टी-५ साठी चॅसीला क्रॉसमेंबर वेल्ड केला तर तपासणीत प्रश्न निघू शकतो. मूळ बॉक्स आणि ३.५५ मध्ये चॅसीला हात लागत नाही. व्हिंटेज नंबर घेतल्यावर रोजच्या वापराला किंवा धंद्याला गाडी चालत नाही, हेही ध्यानात घ्या.

कुणाला टी-५ च बसवायचा असेल तर अडॅप्टर लावल्यावर बेलहाउसिंगच्या भोकाची मध्यरेषा डायल गेजने तपासा. एकूण फरक ०.००५ इंचाच्या आत हवा, नाहीतर पायलट बुश (इनपुट शाफ्टचं पुढचं टोक धरणारा) आणि इनपुट बेअरिंग दोन्ही जातात. टॉर्क ट्यूब गेली की ॲक्सलचा पीळ पाट्यांवर येतो. म्हणून पॅड आधी फक्त टॅक (तात्पुरतं ठिपक्याचं वेल्डिंग) करा, गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून पिनियनचा कोन जुळवा, मगच पक्कं वेल्डिंग.

सिंक्रो_रिंग
बॉक्स काढताना वरचे दोन बोल्ट काढून त्या जागी डोकं कापलेले लांब बोल्ट गाइड म्हणून लावा आणि बॉक्स त्यांच्यावरून सरळ मागे ओढा. बॉक्सचं वजन इनपुट शाफ्टवर लटकलं तर क्लच प्लेटचा हब वाकतो आणि नंतर क्लच सुटत नाही. बसवतानाही तसंच. तेल एसएई ९० (जाडी), जीएल-४ (गिअर तेलाची प्रत). जीएल-५ गिअरबॉक्समध्ये नको, पितळी सिंक्रो रिंग खराब होतात. ते मागे डिफ्रन्शियलमध्ये चालेल, पण सील बदलल्यावर.